दम ज्याचा त्याचा

मध्यरेषा ओलांडली की चढाईला गेलेल्या गड्याला 30 सेकंद मिळतात. समोर सात जण आणि तोंडात ‘कबड्डी’चा अखंड दम. काही विचारावंसं वाटलं तरी त्याचं तोंड मोकळं नसतं. आणि प्रशिक्षकाला सांगायला वेळ किती? पूर्वार्धात दोन, उत्तरार्धात दोन, असे 30 सेकंदांचे चार टाइमआउट. सगळी मिळून दोन मिनिटं. लालबाग-परळच्या मुलामुलींना कबड्डी शिकवताना हा साधा हिशेब मला फार उशिरा कळला.

सुरुवातीची कितीतरी वर्षं मी रेषेबाहेरून ओरडत असे. ‘बोनस घे!’ ‘मागे फिर!’ ‘कोपरा बघ!’ आम्हीही असेच शिकलो होतो. गिरणीच्या भोंग्यावर दिवस उगवणाऱ्या या वस्तीत चाळीचाळींतून संघ उभे राहत. खेळाच्या जोरावर बँकेत, रेल्वेत चिकटला की पोराचं आयुष्य मार्गी लागे. त्यामुळे सरांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. उलट विचारायची पद्धत नव्हती.

एका सामन्यात मात्र माझ्या ओरडण्याचं फळ समोर आलं. तिसरी चढाई होती, गुण आणला नाही तर गडी बाद. मुलगा बोनस रेषेजवळ थबकला आणि मान वळवून त्याने माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात त्याचा घोटा पकडला गेला. चूक त्याची नव्हती. समोरचे गडी सोडून माझ्याकडे पाहायची सवय मीच त्याला लावली होती.

तेव्हापासून सरावात मी सांगणं कमी केलं आणि विचारू लागलो. चढाई संपली की तीनच प्रश्न. काय दिसलं? काय ठरवलंस? दुसरं काय करता आलं असतं? पहिले काही आठवडे एकच उत्तर यायचं, “सर, तुम्हीच सांगा ना!” उत्तर जिभेवर असताना गप्प बसणं मला फार जड गेलं. मग एका संध्याकाळी चौदा वर्षांची एक मुलगी म्हणाली, “सर, डाव्या कोपऱ्यातली ताई झेपावण्याआधी टाच उचलते.” मी वाकून पाहिलं. ओलसर मातीत चवड्याची खूण खोल उमटली होती, टाचेची जेमतेम. इतकी वर्षं मी खांदे आणि हात बघायला शिकवत आलो होतो. टाच मला तिने दाखवली.

शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सर यष्टीवर एक रुपयाचं नाणं ठेवत. सचिन तेंडुलकरला बाद करील त्याचं ते नाणं, सचिन नाबाद राहिला तर त्याचं. नाणं रुपयाचंच, पण ते राखायचं कसं हे त्याचं त्यालाच शोधावं लागे. मला वाटतं, खेळाची गोडी टिकते ती अशा शोधण्याने. शाबासकी दिली तर मूल आठवडाभर उत्साहाने येतं. स्वतःला काही सापडलं असेल तर भर पावसातही येतं.

15 जुलै हा कबड्डीमहर्षी बुवा साळवींचा जन्मदिवस, आपला कबड्डी दिन. त्या दिवशी आमच्याकडे सराव मुलंच घेतात. काय शिकवायचं, कुणी शिकवायचं, सगळं त्यांनीच ठरवायचं. मी फक्त रेषा आखून देतो.

टाच ओळखणारी ती मुलगी पुढच्याच सामन्यात शेवटच्या चढाईत पकडली गेली. आम्ही हरलो. गुडघ्याला माती, छाती धपापतेय, अशी ती बाकावर येऊन बसली. मी तोंड उघडण्याआधीच म्हणाली, “टाच बघितली सर. कव्हरकडे बघायचं राहिलं.”

दुसऱ्या दिवशी मी मैदानावर पोचलो तेव्हा ती केव्हाच आली होती. एका मैत्रिणीला कोपऱ्यात, दुसरीला कव्हरला उभं करून एकटीच पुन्हा पुन्हा चढाई करत होती. मी कडेला थांबलो. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.