पुपुसांच्या गावात

लेकीच्या बिऱ्हाडी, मध्य अमेरिकेतल्या एल साल्व्हादोरला जायचं ठरलं तेव्हा आमचे हे म्हणाले, "तिथं तू खाणार काय?" मी पक्की शाकाहारी, आणि तिथं म्हणे डुकराचं मांस जिथंतिथं! शिवाय १९८० ते १९९२ ची यादवी, नंतरच्या टोळ्यांची दहशत, सगळं वाचलेलं. डब्यात मेतकूट भरूनच निघाले.

पहिल्याच रविवारी लेकीनं ओलोकुइल्ताला नेलं. राजधानीहून विमानतळाकडे जाताना हे गाव लागतं. रस्त्याकडेला पुपुसांची दुकानं. पुपुसा म्हणजे सारण भरलेली जाडसर भाकरी. २००५ साली सरकारनं तिला राष्ट्रीय पदार्थाचा मान दिला. मूळची ती मक्याची. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटतात, म्हणून पिठाला चिकटपणा येतो. (नुसत्या मक्याच्या भाकरीला किती तडे जातात, ठाऊक आहे ना?) ओलोकुइल्ताची ख्याती मात्र तांदळाच्या पुपुसांची.

खरं सांगते, पाहून मी नाकच मुरडलं. ना फोडणी, ना तिखट! शिवाय त्याच तव्यावर शेजारी मांसाच्या पुपुसा भाजत होत्या. तव्यामागच्या बाईनं माझी नजर ओळखली असावी. काही न बोलता तिनं एक कड पुसून घेतली, हात धुऊन आली आणि माझ्यासाठी चीज अन् लोरोकोची पुपुसा थापली. लोरोको म्हणजे एका वेलीच्या कळ्या. मलाच ओशाळल्यासारखं झालं.

सोबत टोमॅटोची पातळ चटणी आणि कुर्तिदो, म्हणजे कोबीचं आंबट लोणचं. काटे-चमचे नाहीत, हातानंच खायचं. दुसरी मी मागून घेतली, तेव्हा लेक हसली.

बाई मला "निन्या" म्हणत होती. निन्या म्हणजे मुलगी. पण तिथं मोठ्या बाईलाही मानानं तसंच म्हणतात. साठी उलटल्यावर कुणी मुलगी म्हटलेलं कुणाला आवडणार नाही?

उकडीचे मोदक येतात, तेव्हा हे काय अवघड, म्हणून मीही गोळा हाती घेतला. सारण सगळं बाहेर! पीठ आपल्या उकडीहून सैल, हात सारखे ओले-तेलकट ठेवावे लागतात. बाई पोट धरून हसली. मग लेकीमार्फत गप्पा निघाल्या. दोन्ही मुलगे अमेरिकेत. त्यांनी धाडलेल्या डॉलरांतून घरावर छप्पर आलं. रोजचा वाणसामान-खर्च मात्र या तव्यावर. धाकट्याला सहा वर्षं पाहिलेलं नाही.

"तुमची लेक तरी जवळ आहे ना?" तिनं विचारलं.

"नाही हो, वर्षाआड भेटते." लेकीनं हे भाषांतर करून सांगितलं, पण माझ्याकडे न बघता.

निघताना बाईनं चार पुपुसा बांधून दिल्या आणि पैसे तीनचेच घेतले.

कुर्तिदो मी घरी करते. बारीक चिरलेल्या कोबीवर उकळतं पाणी ओतून लगेच निथळायचं. गाजराचा कीस, उभा कांदा, मीठ, व्हिनेगर घालून रात्रभर ठेवायचं. तिथं ओरेगानो घालतात, मी चिमूटभर ओवा चुरडते. ह्यांना थालीपिठाबरोबर फार आवडतं.