पाहुण्यांची बाजू

परगावच्या सामन्याला निघालेले फुटबॉलप्रेमी आणि लग्नाला निघालेले वऱ्हाड यांच्यात वरवर पाहता फारसा फरक नसतो. तोच गलबला, तेच ठेवणीतले कपडे, आणि गाडी सुटताना कोणीतरी फलाटावरच राहिल्याची तीच ओरड. फरक कळतो तो मुक्कामी पोहोचल्यावर. वऱ्हाडाच्या स्वागताला वेशीवर व्याही उभे असतात. सामन्याला आलेल्यांच्या स्वागताला पोलीस उभे असतात. ज्या गावी ही माणसे आलेली असतात, त्या गावाचा त्या संध्याकाळपुरता पराभव व्हावा एवढीच त्यांची इच्छा असते, आणि ती इच्छा अंगातल्या रंगीत सदऱ्यावर उघड वागवीत ती रस्त्याने चाललेली असतात. अशा पाहुण्याने कसे वागावे याचे शास्त्र ग्रंथांत सापडत नाही. ते रेल्वेच्या डब्यात, डबा उघडून जेवता जेवता, थोरल्यांकडून धाकट्यांकडे जाते.

मराठी मुलखाला या शास्त्राची गरज तशी कमीच पडली. कोल्हापुरात फुटबॉलचे वेड पिढ्यान्‌पिढ्यांचे. पण तिथले संघ तालमींचे आणि पेठांचे, आणि सामने सगळ्यांच्याच हाकेच्या अंतरावरील शाहू स्टेडियमवर. खंडोबा तालीम आणि पाटाकडील तालीम यांची ईर्ष्या कितीही कडवी असली तरी हरलेला माणूस रात्रीच्या भाकरीला घरी असतो. केरळची गोष्ट निराळी. मलप्पुरम आणि कोळिकोड या भागांत सात-सात गड्यांचा फुटबॉल रात्री दिव्यांच्या उजेडात खेळला जातो, आणि तो पाहायला गावेच्या गावे लोटतात. या वेडाला २०१४ साली इंडियन सुपर लीगच्या रूपाने देशभर फिरण्याचे निमित्त मिळाले. कोचीच्या संघाचे नाव केरळ ब्लास्टर्स. त्यातला ‘ब्लास्टर’ हा शब्द सचिन तेंडुलकर यांच्या टोपणनावातून आलेला. २०१८पर्यंत ते या संघाचे सहमालकही होते. एका मराठी क्रिकेटपटूची खूण मल्याळी फुटबॉलवेड्यांच्या छातीवर रुळावी, ही गंमत मराठी वाचकाच्या फारशी ध्यानात आलेली दिसत नाही. त्या संघाची पहिली अंतिम लढत २० डिसेंबर २०१४ रोजी नव्या मुंबईत, नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाली, आणि भरपाईच्या वेळेत झालेल्या एकुलत्या एका गोलाने कोलकात्याच्या संघाने ती जिंकली. दूरवर जाऊन हरून परतण्याची सवय या पिवळ्या सदऱ्याला अशी पहिल्याच वर्षी लागली.

या समर्थकांचा खरा प्रवास मात्र गोव्याचा. करोनाच्या साथीमुळे लीगचे दोन हंगाम सगळ्याच संघांना गोव्यात, रिकाम्या प्रेक्षागारांपुढे खेळावे लागले होते. त्यातील दुसऱ्या हंगामाच्या अखेरीस, रविवार २० मार्च २०२२ रोजी, मडगावजवळच्या फातोर्डा येथील पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर अंतिम सामना ठरला, आणि त्यासाठी प्रेक्षकांना दारे उघडली. केरळ विरुद्ध हैदराबाद. मैदान दोघांचेही नव्हते. पण केरळहून गोव्याला यायला कोकण रेल्वे होती आणि दोन वर्षे कोंडलेली माणसे होती.

अशा वेळी जाणत्यांचा पहिला सल्ला एकच असतो: रेल्वेने जावे. नेत्रावती किंवा मंगला लक्षद्वीप एक्सप्रेसमध्ये एर्नाकुलमला बसावे, कण्णूर, कासरगोड, मंगळूर, कारवार मागे टाकीत बारा-चौदा तासांनी मडगावला उतरावे. तिकीट वेळेवर मिळाले नाही तर मोटारीने जावे; पण चालवणारे दोघे असावेत, आणि रात्री जागलेल्याने पहाटे सुकाणू हाती घेऊ नये. मोटारसायकलने जाऊ नये. हा शेवटचा सल्ला तरुणांना सर्वांत जास्त नावडतो. शेकडो किलोमीटरचा किनारा, मागे बसलेला मित्र, वाऱ्यावर फडकणारा पिवळा झेंडा: त्या वयात याहून चांगली कल्पना सुचणे कठीणच. त्या रविवारच्या सामन्यासाठी मलप्पुरम जिल्ह्यातले दोन तरुण असेच मोटारसायकलवरून निघाले होते. कासरगोड जिल्ह्यात एका छोट्या मालमोटारीशी त्यांच्या गाडीची टक्कर झाली आणि दोघेही गेले. गोव्याची हद्द त्यांना दिसलीही नाही. संध्याकाळी फातोर्ड्याला जमलेल्या हजारोंना ही बातमी ठाऊक होती, आणि तरीही ते गात होते. ही निष्ठुरता म्हणावी की गेलेल्यांना दिलेला मान, याचा निवाडा घरी बसून वर्तमानपत्र वाचणाऱ्याने करू नये हे बरे.

त्या दिवशी आणखी एक विपरीत घडले होते. हैदराबादचाही रंग पिवळाच. गुणतक्त्यात वरचे स्थान असल्याने यजमानपणाचा मान त्यांना मिळाला आणि पिवळे सदरे त्यांच्याकडे गेले. केरळच्या खेळाडूंना काळ्या सदऱ्यांत उतरावे लागले. प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी समर्थकांना सांगितले, तुम्ही मात्र पिवळेच घालून या. त्यामुळे प्रेक्षागार पिवळे आणि खेळाडू काळे, असे चित्र दिसले. रंगाच्या बाबतीत जाणत्यांचा नेहमीचा सल्ला याच्या उलट असतो. संघाचा सदरा पिशवीत न्यावा, फाटकाशी गेल्यावर अंगात घालावा, आणि सामना संपताच, विशेषतः जिंकल्यास, त्यावर दुसरा साधा सदरा चढवावा. अनोळखी गावात, अनोळखी बसस्थानकावर, रात्री अकरा वाजता आपला रंग मिरवण्यात शौर्य असेलही, पण डोळ्यांसमोर घराचा रस्ता असलेल्याने ते करू नये. फातोर्ड्याला याची गरज कमी होती. गोव्याची माणसे अशा पाहुण्यांना सरावलेली. मोटारसायकलवरून सवारी नेणारे तिथले ‘पायलट’ फुटबॉलची चर्चा करीतच भाडे ठरवतात, आणि कोकणी-मल्याळमच्या मध्ये मोडकी हिंदी उभी केली की बाकीचे काम माशाची कढी आणि भात करतो. नारळ दोन्हीकडचा एकच.

तिकिटाविषयीचा सल्ला अधिक काटेकोर आहे. पाहुण्यांच्या बाजूचे तिकीट संपले म्हणून यजमानांच्या बाजूचे घेऊ नये. धोका तर आहेच, पण त्याहून मोठी शिक्षा वेगळी असते. अशा जागी बसलेल्या माणसाला आपल्या संघाचा गोल झाला तेव्हा गप्प बसावे लागते. घशाशी आलेली आरोळी गिळावी लागते, हात मांड्यांखाली दाबून धरावे लागतात, आणि शेजारी कपाळावर हात मारून घेत असताना आपणही तसाच चेहरा करावा लागतो. दुःख लपवण्याचा सराव माणसाला लहानपणापासून असतो. आनंद लपवण्याचा नसतो. तो डोळ्यांतून फुटतोच. शेजारच्याने एकदा निरखून पाहिले की पुढली चाळीस मिनिटे सामना दिसत नाही, फक्त तो शेजारी दिसतो.

दोन बाजू वेगळ्या ठेवण्यामागे केवळ हौस नाही, हे कोलकाता शिकले ते फार महागात. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा सामना होता. दोन्ही संघांचे समर्थक एकाच गॅलरीत शेजारी-शेजारी बसले होते. मैदानावरील एका झटापटीचे पडसाद वर उमटले, आणि मारामारीत व चेंगराचेंगरीत सोळा प्रेक्षकांचा जीव गेला. ते सगळे एकाच शहरचे. कोलकात्यात त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी त्या दिवशी रक्तदान होते.

फाटकाशी लवकर पोहोचावे, हाही जुना सल्ला. तपासणीला वेळ लागतो. पाण्याची बाटली, नाणी, झेंड्याची काठी, कमरेचा पट्टा यांपैकी काय आत जाईल आणि काय बाहेर राहील हे प्रत्येक गावचा हवालदार आपल्या मर्जीने ठरवतो. चेंडा वाजवणाऱ्यांनी वाद्याची परवानगी आधी लेखी घ्यावी. गटात मुली असतील तर स्वच्छतागृह कोठे आहे आणि बाहेर पडायची दारे किती, याची चौकशी गाण्यांच्या तालमीआधी करावी. हे सर्व ठीकच आहे. पण या सल्ल्याला एक काळी बाजू आहे, आणि ती इंग्लंडमधल्या शेफील्ड शहराने दाखवली.

१५ एप्रिल १९८९. एफ. ए. कपची उपांत्य लढत, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. मैदान तिसऱ्याच गावचे, शेफील्डमधले हिल्सबरो. म्हणजे फातोर्ड्याप्रमाणेच दोन्ही बाजू पाहुण्या. लिव्हरपूलहून आलेल्यांना लेपिंग्ज लेनकडची बाजू मिळाली. तिथे उभ्याने सामना पाहणाऱ्या दहा हजारांहून अधिक तिकीटधारकांसाठी फिरती फाटके होती अवघी सात. बाहेर दाटी जीवघेणी झाली तेव्हा, तीनला आठ मिनिटे कमी असताना, पोलिसांच्या हुकमाने बाहेर जाण्याचे एक रुंद दार उघडण्यात आले. समोरच एक बोगदा होता. तो जाळीने बंदिस्त केलेल्या मधल्या दोन कप्प्यांकडे जात होता, आणि ते कप्पे आधीच भरून वाहत होते. कडेच्या कप्प्यांत जागा होती. पण तिकडे जा असे सांगायला बोगद्याच्या तोंडाशी कोणीही उभे नव्हते. परगावच्या माणसाला समोर दिसणारी वाट हीच वाट वाटते. तो आत शिरला. सामना तीन वाजता ठरल्याप्रमाणे सुरू झाला आणि सहा मिनिटांनी थांबला. मृतांची संख्या पुढे सत्त्याण्णववर गेली; त्यांतला सर्वांत लहान दहा वर्षांचा होता.

लगेच सांगितले गेले ते असे: प्रेक्षक उशिरा आले, प्यायलेले होते, बिनतिकिटाचे होते. म्हणजे त्यांनी सल्ला ऐकला नाही. मृतांच्या आयाबापांना हे सत्तावीस वर्षे ऐकावे लागले. २०१२ साली एका स्वतंत्र समितीने कागदपत्रे उघड केली, आणि २०१६ साली चौकशी न्यायालयाच्या ज्यूरीने निर्णय दिला की या माणसांचा मृत्यू बेकायदेशीर मनुष्यवध होता आणि प्रेक्षकांच्या वागण्याचा त्यात काही दोष नव्हता. तिकीट खिशात असलेला, वेळेत आलेला, शुद्धीवर असलेला माणूसही त्या बोगद्यात मेला असता आणि मेलाही. प्रवाशाला शहाणपण सांगणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवायला हवे. वाट दाखवणारा एक माणूस योग्य जागी उभा करणे हे यजमानाचे काम. पाहुण्याला दिलेल्या दहा सूचनांनी ते उरकत नाही. म्हणून अनुभवी माणसे नवख्याला एवढेच सांगतात, की आत शिरताना समोरच्या दाराबरोबर डावी-उजवीकडची दारेही पाहून ठेव, आणि दाटीत पुढे सरकण्यापेक्षा गोल चुकलेला बरा.

याउलट कधी कधी प्रेक्षक जागच्या जागी राहतो आणि संघच निघून जातो. ३ मार्च २०२३ रोजी बंगळूरच्या कंटीरवा स्टेडियमवर केरळची बाद फेरीची लढत होती. जादा वेळेत सुनील छेत्री यांनी प्रतिस्पर्ध्यांची भिंत उभी राहायच्या आत फ्री किक मारून गोल केला. पंचांनी तो ग्राह्य धरला, आणि वुकोमानोविच यांनी आपला सगळा संघ मैदानाबाहेर नेला. तो परतलाच नाही. सामना बंगळूरला देण्यात आला. पाहुण्यांच्या बाजूला बसलेल्यांनी त्यानंतर काय करावे, याविषयी जाणत्यांकडेही सल्ला नव्हता. परगावी आपल्या माणसांचे रिकामे मैदान पाहत बसलेला प्रेक्षक जेवढा एकटा असतो तेवढा सात गोलांनी हरलेलाही नसतो.

फातोर्ड्याचा सामना मात्र शेवटपर्यंत झाला. अडुसष्टाव्या मिनिटाला राहुल के. पी. यांनी केरळचा गोल केला, तेव्हा काळ्या सदऱ्यांसाठी पिवळी भिंत हलली. सामना संपायला दोन मिनिटे असताना साहिल तावोरा यांनी बरोबरी साधली. जादा वेळ कोरडी गेली. पेनल्टींमध्ये हैदराबादचे गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी यांनी तीन फटके अडवले आणि सामना ३-१ असा संपला. तावोरा गोव्याचे, कट्टीमणीही गोव्याचेच. घर कोणाचेच नाही असे समजून आलेल्या पाहुण्यांना ते घर कोणाचे होते हे अगदी शेवटी कळले.

वारीत दिंडीचा क्रम ठरलेला असतो, मुक्काम ठरलेला असतो, आणि चुकलेला वारकरी विणेकऱ्याच्या आवाजावर परत येतो. सामना हरलेल्या जमावाला असा आवाज नसतो. म्हणून निघतानाच एक खूण ठरवावी असे सांगतात: अमुक झाड, अमुक दुकानाची पाटी, दूरध्वनीची बॅटरी संपली तरी जागेवर राहील असे काहीतरी. डब्यात किती जण चढले होते ते एकाने वहीत लिहून ठेवावे, आणि परतीच्या गाडीत बसल्यावर तेवढी डोकी पुन्हा मोजावी. मोजणारा शक्यतो असा असावा, ज्याला फुटबॉलची थोडी कमी आवड आहे. मडगावच्या फलाटावर त्या मध्यरात्री पिवळे सदरे घातलेली मुले पिशव्यांवर डोके टेकून दक्षिणेकडच्या गाडीची वाट पाहत होती. काहींनी चेहऱ्याचा रंग नळाखाली धुतला होता, काहींच्या गालांवर तो तसाच वाळला होता, आणि मधूनच कोणीतरी उठून पुन्हा एकदा माणसे मोजत होते.