वहीतले चार प्लॉट

30 जुलै 2025 रोजी सायंकाळी 5 वाजून 40 मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्ही-एफ16 ने ‘निसार’ला घेऊन उड्डाण केले. इस्रो आणि नासा यांच्या या संयुक्त उपग्रहाविषयी तेव्हापासून ‘आता जंगलांचे वजन अवकाशातून मोजणार’ अशा आशयाचे बरेच काही वाचनात आले. माझ्या ओळखीच्यांनी माझेही अभिनंदन केले. वास्तविक त्या उपग्रहात माझा एक स्क्रूसुद्धा नाही. भौतिकशास्त्रातील डॉक्टरेटनंतरची माझी काही वर्षे रडारच्या प्रतिध्वनीवरून झाडोऱ्याचे वजन काढण्यात गेली, एवढाच काय तो संबंध. बातमी आनंदाची आहे, यात शंका नाही. मात्र तिच्यातील ‘मोजणार’ या क्रियापदापाशी मी दर वेळी अडखळते, आणि त्याचे कारण मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्याच्या सागवनात आहे.

आधी थोडे भौतिकशास्त्र सांगणे भाग आहे. निसारवर दोन रडार आहेत. एकाची तरंगलांबी सुमारे 24 सेंटिमीटर, तर दुसऱ्याची सुमारे 9. लांब तरंग पानांना फारशी दाद न देता आत शिरतो आणि जाड फांद्या, खोडे व जमीन यांवरून परततो. परत आलेल्या लहरीची तीव्रता कशावर अवलंबून असते? वस्तूच्या आकारावर आणि तिच्यातील पाण्यावर. कोरड्या लाकडाचा विद्युत-अपार्यता स्थिरांक दोनच्या आसपास असतो, पाण्याचा ऐंशीच्या आसपास. म्हणजे रडारला कार्बन दिसत नाही; त्याला ओल दिसते आणि घडण दिसते. त्यावरून लाकडाचे वजन आपण अनुमानाने काढतो, आणि त्या अनुमानाचा पाया जमिनीवर असतो. तिथे कोणीतरी मोजपट्टी घेऊन झाडाभोवती उभे राहिलेले असते. आपल्याकडे जमिनीपासून 1.37 मीटर उंचीवर, म्हणजे साधारण छातीच्या उंचीवर, खोडाचा घेर घेतात. त्या घेरावरून वजन सांगणारी समीकरणे पूर्वी कधीतरी काही झाडे तोडून, वाळवून, तोलून बसवलेली असतात. पांगाऱ्याचे लाकूड हलके आणि अंजनाचे पाण्यात बुडणारे, त्यामुळे जातही नीट ओळखावी लागते. शिवाय हा प्रतिध्वनी हेक्टरी शंभरेक टनांपर्यंतच वाढत जातो. पुढे रेषा आडवी होते. सह्याद्रीतील सदाहरित रानात दोनशे टन आहेत की तीनशे, हे या तरंगलांबीला सांगता येत नाही. बैतूलसारख्या कोरड्या पानगळीच्या जंगलात मात्र तिचा उपयोग चांगला होतो. निदान तसे मी मानत होते.

सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा आम्ही जपानच्या आलोस-2 उपग्रहाच्या रडार प्रतिमा वापरत असू. मार्च महिना होता, सागाची पाने गळून गेली होती. आम्ही चाळीसेक प्लॉट आखले. प्रत्येक दशांश हेक्टरचा, म्हणजे बाजू 31.6 मीटरची. मोजणीसाठी स्थानिक रोजंदारीवरचे लोक होते. त्यांत एक गोंड गृहस्थ होते, पन्नाशीचे. सगळे त्यांना दादा म्हणत, मीही म्हणू लागले. साल पाहून, कधी नुसता वास घेऊन ते झाडाचे नाव सांगत. घेर मोजताना पट्टी तिरकी झाली की स्वतःच ‘फिर से’ म्हणत.

परतल्यावर आलेख मांडला. आडव्या अक्षावर जमिनीवरचे वजन, उभ्यावर रडारचा प्रतिध्वनी. बिंदू शहाण्यासारखे एका वक्राभोवती जमले. चार मात्र खूप वर उडाले होते. जमिनीवर लाकूड थोडे आणि रडार सांगते पुष्कळ. चारही प्लॉट एका नाल्याच्या पलीकडचे आणि चारही दादांच्या तुकडीने मोजलेले. ओल असेल का, हा प्रश्न मला सुचला नव्हता असे नाही. जवळच्या पर्जन्यमापकाची नोंद पाहिली, शून्य. मग उरले एकच. मोजणाऱ्यांनी झाडे गाळली असणार. मी वहीत त्या चार प्लॉटांपुढे ‘मोजणी अविश्वसनीय’ असे लिहिले, तेच वाक्य अहवालात गेले, आणि बिंदू वगळल्यावर आलेख फार देखणा झाला. शोधनिबंधाच्या परीक्षकांनी त्याची स्तुतीही केली.

दीडेक वर्षाने पुन्हा तिकडे गेले तेव्हा तुकडीत दादा नव्हते. चौकशी केली, तर माझ्याच वाक्याचा आधार घेऊन त्यांचे नाव यादीतून काढल्याचे कळले. कोणी मुद्दाम दुष्टपणा केला नव्हता. कामाच्या यादीतून एक नाव कमी करायचे होते आणि लेखी कारण आयते उपलब्ध होते.

मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी चहा दिला. तक्रार केली नाही. मीच ते चार प्लॉट काढले. ते थोडा वेळ आठवत राहिले आणि म्हणाले, ‘‘उस हफ़्ते नाले के उस पार ओले गिरे थे, मैडमजी. महुआ सब ख़राब हो गया था.’’ मोहाची फुले वेचण्याचे दिवस होते. संध्याकाळी गारांचा पाऊस आला, तासभर पडला, आणि फक्त पलीकडच्या बाजूला. अलीकडच्यांची फुले वाचली, यांची कुजली. असा दिवस घरात कोणी विसरत नाही. बोलता बोलता तारीखही निघाली, कारण दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता आणि विकायला फुले नव्हती.

आलोस-2 तेथून मध्यरात्रीच्या सुमारास जातो. त्या रात्रीही गेला होता. जमीन ओली, खोडे ओली, पाने नाहीतच; लहर खोडावरून जमिनीवर आणि जमिनीवरून पुन्हा आकाशात. पर्जन्यमापक बराच दूर होता. त्याने खोटे सांगितले नव्हते, त्याला ठाऊकच नव्हते. मी त्याच भागाची चौदा दिवसांनंतरची प्रतिमा मागवली. चारही बिंदू निमूटपणे वक्रावर येऊन बसले. दादांची मोजपट्टी बरोबर होती, उपग्रहही बरोबर होता. त्याने पाणी पाहिले होते आणि त्याला लाकूड मी म्हटले होते.

मी नियतकालिकाकडे शुद्धिपत्र पाठवले, ज्या कार्यालयाने यादी केली होती त्याला चूक माझी असल्याचे पत्र लिहिले. दादा पुढच्या वर्षी कामावर आले. मधल्या दोन हंगामांची मजुरी कोणत्याही शुद्धिपत्रात बसत नाही. मी देऊ केलेले पैसे त्यांनी घेतले नाहीत, तेव्हा तो हिशेब तसाच राहिला आहे.

हे सारे एका जिल्ह्यातील चार चौकोनांपुरते असते तर इथे इतके लिहिले नसते. भारतीय वन सर्वेक्षणाच्या 2023 च्या अहवालानुसार देशाच्या वनांत 728.55 कोटी टन कार्बन साठलेला आहे, आणि वन व वृक्षाच्छादन मिळून भूभागाच्या 25.17 टक्के आहे. 2030 पर्यंत झाडांच्या द्वारे 250 ते 300 कोटी टन कार्बन डायऑक्साइड इतकी अतिरिक्त साठवण करण्याचा शब्द आपण जगाला दिला आहे. या आकड्यांच्या तळाशीही कुणाच्या तरी हातातली मोजपट्टी असते. आणि एक हेक्टरहून मोठ्या, दहा टक्क्यांहून अधिक छत्र असलेल्या कोणत्याही जमिनीला या हिशेबात वनाच्छादन म्हणतात. मग ती आंबराई असो, निलगिरीची लागवड असो की साल वृक्षांचे जुने रान.

कच्छमधील बन्नीचे उदाहरण मला यासाठीच फार बोलके वाटते. तिथल्या विस्तीर्ण गवताळ प्रदेशात 1961 च्या सुमारास वनखात्याने, रणातील खारटपणा पुढे सरकू नये म्हणून, वेडी बाभूळ लावली. गुजरातीतही तिला ‘गांडो बावळ’ म्हणजे वेडीच म्हणतात. ती अशी पसरली की मालधारी पशुपालकांच्या म्हशींना गवत उरेना. रडारच्या नकाशावर तेथील लाकडाचे वजन वाढलेले दिसेल, आणि ते खरेही असेल. लाकूड वाढले, म्हशींचे कुरण गेले. कार्बनच्या रकान्यात यांपैकी पहिलीच गोष्ट येते. गवताळ माळांना ‘पडीक’ म्हणण्याची आपली सरकारी सवय अजून सुटलेली नाही, हे मला कोणत्याही यंत्रातील त्रुटीपेक्षा अधिक चिंतेचे वाटते.

निसारची जमेची बाजू मोठी आहे, तीही सांगितली पाहिजे. तो दर बारा दिवसांनी त्याच जागेवर परततो, आणि त्याची माहिती सर्वांना विनामूल्य उपलब्ध असेल असे ठरले आहे. वर्षभरातील इतक्या प्रतिमा हाती असल्या की एखाद्या ओल्या रात्रीचा फसवा उजेड वेगळा काढणे सोपे जाते. माझ्याकडे तेव्हा एकच प्रतिमा होती आणि आत्मविश्वास मुबलक होता. पण बारा मीटरच्या अँटेनासाठी पैसा उभा राहतो, तसा जमिनीवरच्या प्लॉटांसाठी, पट्टी धरणाऱ्यांच्या वर्षभराच्या वेतनासाठी उभा राहत नाही. प्रकल्पाच्या प्रस्तावात ही रक्कम ‘किरकोळ’ या शीर्षकाखाली जाते. मीही अनेक वर्षे तसेच लिहीत आले.

आता आमच्या नोंदवहीत दोन रकाने वाढले आहेत. एक मोजणाऱ्याच्या नावाचा, दुसरा गेल्या दोन दिवसांतील पावसाचा, आणि हा दुसरा रकाना पर्जन्यमापक पाहून भरायचा नाही, गावात विचारून भरायचा, असा नियम आहे. या मार्चमध्ये एका रात्री दादांचा फोन आला. नाल्याच्या पलीकडे पाऊस पडला, अलीकडे नाही. मोह आधीच वेचून झाला होता. मी तारीख आणि वेळ लिहून घेतली.