माळ्यावरचे यंत्र

2008 साली आमच्या कार्यालयात बिनतारी दूरध्वनी आला. बॅटऱ्या प्रथम पूर्ण भरू द्याव्यात, मग बेसवरील कळ काही क्षण दाबून धरावी, हँडसेटवर नोंदणीचा पर्याय निवडून चार शून्ये द्यावीत, म्हणजे दोघांची ओळख पटते. एवढ्यात आमची अख्खी दुपार गेली. (सोयरीक जुळवणे याहून सोपे!) सूर ऐकू येताच मात्र आम्ही तो खिशात घालून लहान मुलांसारखे आवारभर हिंडलो. तारेचे जुने यंत्र माळ्यावर गेले.

आषाढातल्या एका संध्याकाळी वीज गेली. हँडसेट भरलेला होता. पण विजेवाचून बेस मुका झाला होता. जुन्या यंत्राला एक्स्चेंजकडून तांब्याच्या तारेतूनच सुमारे 48 व्होल्ट मिळत असत, हे आम्हांस ठाऊक होते. आठवले मात्र नाही. शिपाईकाकांच्या घरच्यांना कार्यालयाचा क्रमांक तेवढा माहीत. त्यांनी तीनदा फोन लावला. काका घरी पोहोचले तेव्हा आई कोणाला ओळखत नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही जुने यंत्र खाली उतरवले, धूळ पुसली आणि त्याच लाइनवर जोडले. काका आले, त्यांनी ते पाहिले. काही बोलले नाहीत.