सोळावी प्रत

नाझी साम्राज्य टिकलं असतं तर, या कल्पनेवर कादंबरी लिहायला घेतली की पहिला मोह होतो तो बर्लिनचे अजस्र घुमट रंगवण्याचा. तो मी आवरतो. डाळजला, उजनीच्या फुगवट्याकाठी बसून लिहिताना मला छळतो तो वेगळाच प्रश्न: त्या जगात गोष्ट सांगायला उरलं कोण असतं?

शेजारचं जुनं पळसदेव धरणात गेलं. एखाद्या उन्हाळ्यात पाणी फार हटलं की पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं आणि जुनी माणसं हात करून दाखवतात, इथं आमचं घर, तिथं पार. गाव गेलं, सांगणारे राहिले. नाझींना सांगणारेच संपवायचे होते. ही दोन दुःखं एका पारड्यात घालणं मला पटत नाही. माझी कादंबरी त्यांच्यातल्या फरकावरच उभी आहे.

२० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनच्या वान्झे तळ्याकाठी पंधरा अधिकारी जमले. ज्यूंचा संहार आधीच सुरू झाला होता. आता खात्याखात्यांचा मेळ घालायचा होता. इतिवृत्तात ज्यूंची देशवार यादी आहे. एस्टोनियापुढे आकडाच नाही, 'ज्यूमुक्त' एवढाच शेरा. इंग्लंडपुढे ३,३०,०००. न जिंकलेल्या देशातली माणसंही मोजून ठेवलेली! या यादीपुढे माझी कल्पनाशक्ती थिटी पडते. इतिवृत्ताच्या ३० प्रती निघाल्या. हाती लागली फक्त सोळावी, १९४७ मध्ये, परराष्ट्र खात्याच्या दप्तरात.

जयंत नारळीकरांच्या कथेतले गंगाधरपंत मराठ्यांनी पानिपत जिंकलेल्या जगातून परततात तेव्हा त्यांच्याजवळ बखरीचं एक फाटकं पान उरतं. विश्वासरावांना गोळी चाटून गेली, एवढाच त्यातला बदल. जर-तरचा इतिहास लिहिणाऱ्याने ही काटकसर शिकावी. एकच गाठ सोडायची, पुढचं सगळं तिच्यातूनच उलगडू द्यायचं. रॉबर्ट हॅरिसच्या 'फादरलँड'मध्ये जर्मनी जिंकली आहे, साल १९६४, आणि एक पोलीस अधिकारी वान्झेच्याच बैठकीच्या कागदांपर्यंत पोचतो. त्याला निदान कागद तरी मिळतात. माझ्या कादंबरीत सोळावी प्रतही जळते.

मग निवेदक कोण? बळी नाहीत, कागद नाहीत. बरेच दिवस मी अडून होतो. शेवटी बर्लिनच्या कचेरीतली टंकलेखिका निवडली. तिने ते आकडे स्वतःच्या बोटांनी उठवलेत. तिला निर्दोष ठरवायचं नाही, हे पहिल्या पानापासून पाळतो आहे.