दोन लहान रेघा आणि एक शब्द

गेल्या आठवड्यात चाळीसेक ओळींचा एक बदल मी जवळजवळ मंजूर केला होता. कोड नीटस होता, सगळ्या चाचण्या उत्तीर्ण होत होत्या, आणि मला जेवायला जायचे होते.

आमच्या संशोधनगटाने गिटच्या आधारे एक छोटी आज्ञावली रचली आहे. भारतीय हवामान विभागाच्या १९०१ पासूनच्या दैनंदिन पर्जन्यमानाच्या संचावर आम्ही वेळोवेळी जे संस्कार केले, त्यांच्या आवृत्त्या ती सांभाळते. जुन्या आवृत्त्या साचून साठवणुकीची जागा संपत आली होती. म्हणून गटातील पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीने ‘--प्रून’ हा नवा पर्याय लिहिला. तो दिला की कोणत्याही शाखेला वा टॅगला न जोडलेल्या आवृत्त्या कायमच्या पुसल्या जातील. शब्दही गिटच्याच वळणाचा, ओळखीचा. त्यातच घोटाळा होता.

‘--प्रून-लिस्ट’ नावाचा एक पर्याय आमच्याकडे आधीपासून आहे. तो काहीही पुसत नाही. काय पुसता येईल त्याची फक्त यादी देतो. आता कमांड लाइनची एक सवय पाहा. पर्यायाच्या नावाची सुरुवातीची अक्षरे लिहिली आणि त्या अक्षरांनी सुरू होणारा दुसरा पर्याय नसला, तर पुष्कळ आज्ञावल्या उरलेले नाव स्वतःच समजून घेतात. गिट हे करते. पायथॉनचे आर्गपार्स, जे आम्ही वापरतो, तेही मुळात हेच करते. दोन नावे जुळली तर आज्ञावली चूक दाखवून थांबते, आणि ते ठीकच आहे. पण नवे नाव त्या आखूड अक्षरांशी तंतोतंत जुळले, तर पूर्ण जुळणीला अग्रमान मिळतो. मग इशारा नाही, चूक नाही. तीच ओळ, अर्थ निराळा.

गिटच्या माहितीपुस्तिकेत याविषयी स्पष्ट सूचना आहे: स्क्रिप्टमध्ये पर्यायांची नावे पूर्ण लिहा, कारण पुढच्या आवृत्तीत त्याच अक्षरांनी सुरू होणारा नवा पर्याय येऊ शकतो. ही सूचना मी विद्यार्थ्यांना अनेकदा वाचून दाखवली आहे. ती आठवली म्हणून आमच्या सगळ्या स्क्रिप्टमध्ये ‘--प्रून’ शोधले. एक सापडली. रोज रात्री दोन वाजता आपोआप चालणारी, यादी बनवणारी. लिहिणारा मीच, चार वर्षांपूर्वीचा.

त्या यादीतील काही आवृत्त्यांचे क्रमांक एका सहकाऱ्याच्या प्रबंधातील तक्त्यांखाली छापलेले आहेत. त्यांना टॅग लावायचे राहून गेले होते. बदल त्या संध्याकाळी स्वीकारला असता, तर सकाळपर्यंत ते तक्ते पुन्हा काढून दाखवण्याचा मार्ग उरला नसता.

“पण सर, सगळ्या टेस्ट पास झाल्या होत्या,” ती म्हणाली. झाल्या होत्या खऱ्या. चाचण्यांत आम्ही नावे पूर्ण लिहितो. मग जरा थांबून तिने विचारले, “स्क्रिप्टच चुकीची होती ना?” होती. मी तसे कबूल केले. तरीही बदल परत पाठवला, आणि हे तिला थोडे अन्यायाचे वाटले असावे. चूक माझी, दुरुस्ती तिच्याकडे.

गिटच्या कर्त्यांनाही हे ओझे वाहावे लागते. नुसत्या ‘गिट पुश’चा मुळातला अर्थ २०१४ मध्ये, २.० आवृत्तीत बदलला. त्याआधीच्या आवृत्त्या बराच काळ इशारे देत होत्या. ‘चेकआउट’ ही एकच आज्ञा शाखाही बदलते आणि फाइलीतील न नोंदवलेले कामही पुसू शकते. म्हणून २०१९ मध्ये, २.२३ आवृत्तीत, ‘स्विच’ आणि ‘रिस्टोअर’ अशा दोन वेगळ्या आज्ञा आल्या. पण ‘चेकआउट’ला कोणी हात लावला नाही. जगभरच्या किती स्क्रिप्ट तिच्यावर उभ्या असतील, कोण मोजणार?

आम्ही पर्यायाचे नाव ‘--डिलीट-अनटॅग्ड’ केले. लांबलचक आहे, पुसणारी आज्ञा टंकताना बोटांना थोडे श्रम पडावेत, असे माझे मत. माझी स्क्रिप्ट मी दुरुस्त केली, प्रबंधाच्या आवृत्त्यांना टॅग लावले. आखूड नावे स्वीकारणे आर्गपार्समध्ये बंद करता येते. तो बदल आता तीच लिहिते आहे, आणि या वेळी परीक्षणाआधी तिने सगळ्या स्क्रिप्ट स्वतः चाळल्या. माझ्याच आणखी दोन सापडल्या.