सोलापूर-मुंबई एक तास? अक्कलकोटहून मोजून बघा!

"विमानानं सोलापूर-मुंबई किती वेळ लागतो हो?" गेले कित्येक दिवस हाच प्रश्न फोनवर, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत. तिकिटावरचं उत्तर सोपं आहे : साधारण एक तास.

हवेतून सरळ रेघ मारली तर अंतर 360 किलोमीटरच्या आसपास. रस्त्यानं 400, रेल्वेनं 455. ताशी 700 च्या वेगानं सलग गेलं तर हा अर्ध्या तासाचा मार्ग. उरलेला वेळ चढण्या-उतरण्यात आणि मुंबईच्या रांगेत जातो. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी बहुतेक एकच चालते.

मंडळी, मी विमानाच्या विरोधात नाही. 15 जून 2023 ला सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पडली तेव्हा शहराचे कसे दोन तट पडले ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. एवढी किंमत मोजून ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबईचं विमान सुरू झालं. त्याचा उपयोग कुणाला, हे विचारायला हवंच ना?

माझ्या मावशीची परळला टाटामध्ये ट्रीटमेंट चालू आहे. गुडघे गेलेत, बर्थवर चढवत नाही. म्हटलं, एकदा विमानानं नेऊ. दुपारचं विमान. अक्कलकोटहून पावणेबाराला गाडी काढली, 40 किलोमीटर. मग तपासणी, थांबणं. मावशी खिडकीला चिकटून. उजनीचं पाणी दिसलं तशी म्हणाली, "आगं बया, केवढं हाय हे! आन् आपल्या नळाला पाचव्या दिवशी?" (यावर वेगळी पोस्ट लिहीन.)

चारच्या सुमारास उतरलो. सामान, टॅक्सी, पार्ल्यापासून परळपर्यंत ट्रॅफिक. पोचेपर्यंत साडेपाच, ओपीडी बंद. रात्र लॉजवर. म्हणजे दारापासून दारापर्यंत जवळजवळ सहा तास, आणि नंबर लागला दुसऱ्या दिवशी.

वंदे भारत साडेसहा तासांत नेते, उत्तम गाडी आहे. पण पहाटे सहाला निघून दादरला पोचेपर्यंत बारा वाजून जातात. आमच्या पेशंटसाठी तीही उशिराचीच. सिद्धेश्वर मात्र रात्री सोलापूर सोडते आणि उजाडता उजाडता दादर. हिशोबानं सगळ्यात लांबचा प्रवास हाच, पण तो झोपेत जातो, लॉज लागत नाही आणि सकाळी आठला माणूस रांगेत उभा असतो. मंत्रालयात काम असणाऱ्याचं, इंटरव्ह्यूला जाणाऱ्या पोराचंही हेच गणित.

मग करायचं काय? विमान सकाळी सोडा. साडेसातला उडालं तर दहाला माणूस परळमध्ये. अडचण मुंबईत सकाळची वेळ मिळण्याची आहे, ते मान्य. पण आता नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय, तिथं प्रयत्न करता येईल. या मार्गावर सरकार सीटमागं पैसे देतंय, म्हणजे आपलेच. वेळ कोणती हे विचारायचा हक्क आहे आपल्याला. येत्या बैठकीत लोकप्रतिनिधींना मी हाच एक प्रश्न विचारणार आहे. तुम्हीही विचारा. कमेंटमध्ये नुसतं "बरोबर आहे" लिहून जाऊ नका.

मावशीची पुढची तारीख गुरुवारची आहे. बुधवारी रात्रीचं सिद्धेश्वरचं तिकीट काढलंय. सध्या आरएसी 14.